स्मृतियात्रेशी रत्नागिरीचा संबंध काय?

पोलंडमधील ऑशविट्झ आणि बिर्केनाऊ या दोन नाझी छावण्यांमधले सुमारे तीन किलोमीटरचे अंतर दरवर्षी हजारो माणसे पायी चालून जातात, आणि १९८८ साली सुरू झालेल्या या यात्रेत छावणीतून वाचलेले वृद्धही, जितके उरले आहेत तितके, तरुणांबरोबर चालतात. बोस्नियात दर जुलै महिन्यात नेझुक ते पोटोचारी हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर तीन दिवसांत पार केले जाते. १९९५ साली स्रेब्रेनित्सा हे गाव बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडल्यावर जीव वाचवण्यासाठी जे मुस्लिम पुरुष आणि मुलगे रानावनातून निघाले, त्यांचीच ती वाट उलट दिशेने चालायची असते, आणि त्या जुलैत मारल्या गेलेल्यांची संख्या आठ हजारांहून अधिक आहे. अशी एक स्मृतियात्रा दरवर्षी ९ डिसेंबरला रत्नागिरी शहरातही निघावी, ही या पत्रकाची मागणी आहे. तिच्यावर ‘आपला काय संबंध?’ हा पहिला आक्षेप घेतला जाईल हे उघड आहे, आणि त्याचे उत्तर येथे सविस्तर देणे भाग आहे.

प्रथम, या यात्रा ज्या गुन्ह्याची आठवण ठेवतात, त्याच्या नावाचा विचार. ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली एका ग्रीक आणि एका लॅटिन धातूचा सांधा जुळवून घडवला, आणि चारच वर्षांनी, ९ डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या गुन्ह्याविरुद्धचा करार संमत केला. या कराराप्रमाणे एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह, तो समूह आहे एवढ्याच कारणाने, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये या गुन्ह्यात मोडतात. त्यांत हत्येबरोबरच जन्म रोखणे आणि मुले हिसकावून दुसऱ्या समूहाच्या हवाली करणे यांचाही समावेश होतो. म्हणजे कसोटी प्रेतांच्या संख्येची नसून हेतूची आहे. मराठी वृत्तपत्रे मात्र बॉम्बस्फोटापासून टोळीयुद्धापर्यंत कशालाही ‘नरसंहार’ म्हणून मोकळी होतात. ‘वंशसंहार’ हा शब्द त्यामानाने बरा, पण मराठीत ‘वंश’ म्हटले की कुळ आणि वंशावळ आधी डोळ्यांपुढे येतात. उदाहरणार्थ, इंग्रजांनी येथे हद्दपार करून ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या ज्या थिबा राजाच्या एकाकी आयुष्याबद्दल रत्नागिरी अजून हळहळते, त्याच्या दरबाराने १८७९ साली मंडालेच्या राजवाड्यात त्याच्याच डझनावारी भावाबहिणींची आणि आप्तांची कत्तल घडवली होती. तो शब्दशः वंशाचा संहार होता, पण कराराच्या अर्थाने वंशसंहार नव्हता.

भारताने या करारावर १९४९ साली सही केली आणि १९५९ साली त्याला मान्यता दिली, परंतु त्यानुसार देशात स्वतंत्र कायदा करण्याचे काम आजवर झालेले नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हीच उणीव स्पष्ट शब्दांत दाखवली, आणि त्यानंतर नवी भारतीय न्याय संहिता आली तरी ती उणीव तशीच राहिली. ज्या गुन्ह्याला कायद्यात नाव नाही आणि भाषेत पक्का शब्द नाही, त्याची आठवण ठेवण्याचे काम नागरिकांनाच करावे लागते.

समूहच्या समूह नष्ट करण्याच्या गुन्ह्याची ही कल्पना मराठी मनाला परकी आहे असेही म्हणता येत नाही. एका तक्षकाच्या अपराधासाठी सगळी सर्पजात अग्नीत टाकू पाहणारे जनमेजयाचे सर्पसत्र आणि ते थांबवणारा, आईकडून नागकुळाचा असलेला आस्तीक, ही कथा महाभारताच्या आरंभीच येते. त्याहून जवळची कथा तर याच जिल्ह्याच्या दैवताची आहे. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणाऱ्या परशुरामाला, ती पृथ्वी कश्यपाला दान दिल्यावर, तिच्यावर उभे राहायलाही जागा उरली नाही आणि समुद्र मागे हटवून त्याला कोकण मिळवावे लागले, असे परंपरा सांगते. चिपळूणजवळच्या देवळात हात जोडणाऱ्यांनी या कथेतला पराक्रम तेवढा उचलला आणि संहारकर्त्याचे बेघर होणे गाळून टाकले, ही निवड कथेची नाही, ऐकणाऱ्यांची आहे.

याच किनाऱ्याने, थोडे उत्तरेला, बेने इस्राएलांना जागा दिली. ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलची लेकरे, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, केहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांची आडनावे लावली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. नाव ठेवले गेले, पण त्या नावावरून याद्या झाल्या नाहीत. जर्मनीत मात्र १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे आजोबा-आजी मोजून ठरवले, १९३८ साली पारपत्रांवर खुणेचे अक्षर आले, १९४१ साली अंगरख्यावर पिवळा तारा आला, आणि युद्ध संपेपर्यंत युरोपातील सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले होते. यावर कोकणाने छाती फुगवण्याचे कारण नाही. परक्या माणसांना आणखी एक जात म्हणून सामावून घेणारी हीच समाजरचना आपल्याच माणसांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हती, आणि त्यासाठी १९२७ साली शेजारच्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला.

खरी अडचण पुढेच आहे. ज्या भाषेत बेने इस्राएलांनी शतकानुशतके संसार केला, त्या भाषेत हिटलर हा आजही कडक शिस्तीचा समानार्थी शब्द आहे. मुख्याध्यापकांना ते टोपणनाव कौतुकाने मिळते आणि ‘माझा लढा’ हे त्याचे पुस्तक यशाचे मंत्र देणाऱ्या पुस्तकांच्या ढिगात विकायला ठेवलेले दिसते. नवी मुंबईत खारघर येथे २००६ साली एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले आणि मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केल्यावरच ते बदलले. उलट, आकाशवाणीची जी परिचित धून ऐकत रत्नागिरीच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सकाळ उजाडली, तिचे श्रेय ज्याला दिले जाते तो वॉल्टर कॉफमन हा १९३४ साली मुंबईत आलेला, नाझींच्या भयाने युरोप सोडलेला ज्यू संगीतकार होता. ‘माझा लढा’वर बंदी घालावी अशी येथे मागणी नाही. वाचनालयांनी ते इतिहासाच्या कपाटात अ‍ॅन फ्रँकच्या दैनंदिनीशेजारी ठेवावे, एवढे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यूंच्या मृतांसाठी चालणारे गाझातल्या मृतांबद्दल काय म्हणतात, असे विचारले जाईल आणि ते विचारलेच पाहिजे. १९४८ च्या याच कराराच्या आधारे दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्राएलविरुद्ध दावा दाखल केला. एका समूहाच्या संहारानंतर लिहिला गेलेला करार त्याच समूहाच्या नावाने चालणाऱ्या राज्यालाही लागू होतो, यातच त्या कराराचे मोल आहे. म्हणूनच होलोकॉस्टची, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची, २७ जानेवारी ही तारीख न घेता संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली सर्व वंशसंहारांच्या बळींसाठी ठरवलेली ९ डिसेंबर येथे सुचवली आहे. ज्यांना मृत निवडून मोजायचे आहेत, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, त्यांनी यात्रेत न आलेले बरे.

यात्रा थिबा पॅलेसपासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत जावी. घोषणा, झेंडे, पक्षांचे बिल्ले आणि सत्कार नसावेत. प्रत्येकाच्या हाती एकाच मृताचे नाव, वय आणि गाव लिहिलेले एक कार्ड असावे, ते गाव आर्मेनियातले, बोस्नियातले, रवांडातले किंवा पोलंडमधले कोठलेही असेल, आणि मांडवीला पोहोचल्यावर भाषणाऐवजी ती नावे एकेक करून वाचली जावीत. कचेऱ्या सुटण्याची वेळ धरून निघाल्यास डिसेंबरात किनारा गाठेपर्यंत अंधार पडेल. तेथे मंडप वा रोषणाई करू नये, नाव वाचण्यापुरता उजेड ज्याने त्याने घरून आणावा.