स्वगताची हद्दपारी
संस्कृत नाट्यमीमांसेने रंगभूमीवरील भाषणाचे स्वगत, जनान्तिक, अपवारित, आकाशभाषित असे सूक्ष्म भेद केले. बोललेले कोणी ऐकावे आणि कोणी ऐकू नये, हा त्यामागील विचार. वास्तववादाच्या नावाखाली स्वगताला कृत्रिम ठरविणारे नेमके हेच विसरतात. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील बेणारेचे अखेरचे दीर्घ भाषण पाहावे. भोवतालची पात्रे निश्चल होतात. तिचे शब्द अभिरूप न्यायालयापर्यंत पोहोचत नाहीत, प्रेक्षकांपर्यंत मात्र पोहोचतात. खटल्याच्या संवादात त्यांना जागा नसते. जेथे समाज तोंड दाबतो, तेथे स्वगत हीच साक्ष उरते. ते गाळणारा नाटककार नकळत त्याच न्यायासनावर जाऊन बसतो.