टाकलेल्या वस्तूची चोरी होत नाही

कचराकुंडीतून भंगार उचलणाऱ्या गरिबाला चोर ठरवून शिक्षा करण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असावी लागते आणि घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा लागतो. मालकाने फेकलेली बाटली कोणाच्या ताब्यात असते?

मे २०२१ मध्ये कल्याणमधील आधारवाडीच्या क्षेपणभूमीचे दार बंद झाले आणि कल्याणकरांनी मोकळा श्वास घेतला. तिथल्या कचऱ्याच्या डोंगरावर ज्यांची चूल पेटत होती, त्यांना गल्लीबोळ धुंडाळण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आणि गल्लीत पाठीवर गोणी असणे एवढाच पुरावा संशयाला पुरतो. रुळांलगतची केबल किंवा गटाराचे झाकण पळवणे ही चोरीच, तिथे दयामाया नको. पण त्या गुन्ह्याचे खापर प्रत्येक गोणीवर फोडले, तर कचरावेचक सुका कचरा उचलणे सोडतील आणि तो नाल्यांत, पुढे उल्हास नदीत जाईल.

पाच हजार रुपयांखालील पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, हीच न्याय संहिता सामुदायिक सेवेची शिक्षा देतो. अशी सेवा, म्हणजे शहराची सफाई, कचरावेचक रोज विनावेतन करतातच!

पुणे महापालिकेने २००८ मध्ये ‘स्वच्छ’ संस्थेमार्फत कचरावेचकांना कामात सामावून घेतले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही त्यांना मान्यता दिली. कल्याण-डोंबिवली महापालिकेने त्यांना ओळखपत्रे द्यावीत, आणि तक्रारदाराने ताबा दाखवल्याखेरीज पोलिसांनी गोणीला हात लावू नये.