सरसकट नो-स्टोअर

"साइट एचटीटीपीएसवर आहे ना, मग कॅशिंग बंदच ठेव, कटकट नको!" हे वाक्य मी निदान तीन प्रोजेक्ट्समध्ये ऐकलंय. मग सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ पडते, 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर', आणि ती सगळ्यांना लागू. खात्याच्या स्टेटमेंटलाही आणि कोपऱ्यातल्या लोगोलाही. ऑडिटवाले खूश, टीम लीड खूश. लोकलमध्ये लटकत, जेमतेम रेंजवर साइट बघणारा युजर मात्र तोच लोगो आणि तेच जावास्क्रिप्ट दर पानाला नव्याने डाउनलोड करतोय.

माझ्या मते ही सुरक्षा नव्हे, शुद्ध आळस आहे.

आता या समजुतीला इतिहास आहे म्हणा. 2011 मध्ये फायरफॉक्स 4 येईपर्यंत, एचटीटीपीएसवरून आलेली फाइल 'पब्लिक' असं स्पष्ट सांगितल्याशिवाय फायरफॉक्स डिस्कवर ठेवतच नसे. ते दिवस गेले. एचटीटीपीएसचं काम काय, तर वाटेत कुणी वाचू नये किंवा बदलू नये. पोचलेली फाइल ब्राउझरने जपून ठेवायची की नाही हे हेडर ठरवतं.

त्यात नावांचा गोंधळ. 'नो-कॅश' म्हणजे साठवू नका, असं नव्हे बरं का! साठवा, पण वापरायच्या आधी सर्व्हरला विचारा. ईटॅग जुळला की सर्व्हर 304 म्हणतो आणि फाइल पुन्हा येत नाही. साठवूच नका, हे 'नो-स्टोअर' सांगतं. ही नावं ठेवणाऱ्याला साष्टांग दंडवत.

मग नवी सीएसएस युजरपर्यंत पोचणार कशी? फाइलच्या नावातच मजकुराचा हॅश घाला. मजकूर बदलला की नाव बदलतं. अशा फाइल्सना 'मॅक्स-एज=31536000, इम्युटेबल' बिनधास्त द्या, म्हणजे वर्षभराची निश्चिंती. ही नावं ज्यात लिहिलेली असतात त्या एचटीएमएलला मात्र 'नो-कॅश'. व्हीट हे आपणहून करतं, वेबपॅकला सांगावं लागतं. फक्त नवं व्हर्जन टाकताना जुन्या फाइल्स लगेच उडवू नका. कुणाच्या तरी टॅबमध्ये कालचं पान उघडं असतंच.

भीती पूर्णपणे खोटी नाही. 25 डिसेंबर 2015 ला स्टीमवर लोकांना चक्क दुसऱ्यांच्या खात्यांची पानं दिसली. सर्व्हरवर हल्ला चालू असताना मधल्या कॅशचं कॉन्फिग बदललं गेलं आणि लॉगिन केलेल्यांची पानंही कॅश होऊ लागली. व्हॉल्व्हने नंतर सुमारे 34,000 युजर्सचा आकडा दिला. म्हणून खात्याच्या पानांना 'नो-स्टोअर' हवंच, तिथे वाद नाही. पण त्या दिवशी कुणाचा लोगो फुटला नव्हता!

सोमवारी आपापल्या साइटवर बघा. डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, पण 'डिसेबल कॅश'वरची टिक आधी काढा. ती तशीच ठेवून "आमच्याकडे कॅशिंग चालतच नाही" म्हणणारे महाभाग पाहिलेत मी.