आठ काढता येतो, पण थांबता येते का?

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात दुचाकीवरून पडलेल्यांची संख्या वाढते. कोणाचा गुडघा सोललेला, कोणाचे मनगट सुजलेले, कोणाचे खांद्याजवळचे हाड मोडलेले. "कसे पडलात?" असे विचारले की बऱ्याचदा एकच उत्तर येते, "डॉक्टर, खड्डा दिसला आणि एकदम ब्रेक दाबला."

रस्ते नीट ठेवणे हे प्रशासनाचेच काम आहे. ते होईपर्यंत हाडे मात्र आपली मोडतात. आरटीओच्या चाचणीत आठचा आकडा काढला की आपण चालक होतो. वेगात असताना थांबायचे कसे, हे मात्र कोणी शिकवत नाही. माझ्या मते खरी उणीव इथे आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एवढा वेळ जातो. म्हणून पावसात वेग आधीच कमी हवा.

"पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील" हा घरोघरी मिळणारा सल्ला अर्धवट आहे. ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे हलके होते. नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर ते चाक घसरते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत लावावेत. वळणावर, वाळूवर किंवा चिखलात मात्र पुढचा ब्रेक झटक्याने दाबू नये.

खड्डा टाळता येत नसेल तर ब्रेक त्याच्या आधी लावा आणि चाक आत जाताना सोडा. कोपर सैल ठेवा, सीटवरून किंचित उठा. नजर खड्ड्यावर नको, मोकळ्या वाटेवर हवी. जिकडे नजर तिकडे गाडी. मागे एका बाजूला पाय टाकून कोणी बसले असेल, तर त्यांना आधी सांगा, "खड्डा आहे, घट्ट धरा."

मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी एका रविवारी सकाळी त्याला मोकळ्या मैदानावर न्या. ताशी २० च्या वेगापासून थांबण्याचा सराव करून घ्या. आपणही करा, तीस वर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही हे जमतेच असे नाही.

आणि हेल्मेटचा पट्टा लावाच. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.