जुन्या मोटारी : किंमत आणि मोल

गेल्या सुटींत डहाणू रोडहून मुंबईस गेलों असतां, दुर्मिळ जुन्या मोटारी विक्रीस मांडलेलें एक दालन पाहण्याचा योग आला. आरशाप्रमाणें चकाकणारे पत्रे, मोठाले पितळी दिवे, तारांच्या आऱ्यांचीं चाकें! सोबतच्या पुतण्यानें प्रथम हेंच विचारिलें, "हिची किंमत काय?" इतक्यांत तेथील एका वृद्ध मिस्त्रींनीं पुढचें झांकण उघडून यंत्र दाखविलें. १९१२ सालच्या गाड्यांत कॅडिलॅक कंपनीनें विजेनें यंत्र सुरू करण्याची सोय केली. तत्पूर्वीं गाडीसमोर उभें राहून लोखंडी हँडल फिरवावें लागे, व उलट झटक्यानें हात मोडण्याचें भय असे, असें त्यांनीं समजावून सांगितलें. मुलगा किंमत विसरला आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारूं लागला. माझ्या मतें त्या दालनांतील सर्वांत मोठा लाभ तोच होय.

दुर्मिळतेनें किंमत वाढते हें उघड आहे. फोर्डची 'मॉडेल टी' गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक निघाली. उलट मर्सिडीज-बेंझनें १९५५ सालीं 'उलेनहाउट कूपे' या नांवाच्या गाड्या अवघ्या दोन बनविल्या. त्यांपैकीं एक मे २०२२ मध्यें साडेतेरा कोटी युरोंस विकली गेली. परंतु किंमत निराळी आणि मोल निराळें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची 'पद्मिनी' कोणीं दुर्मिळ म्हटली नाहीं. तथापि आपल्या तालुक्यांतून आजारी माणसास घेऊन मुंबईच्या इस्पितळाकडे धांवणाऱ्या कित्येकांस स्टेशनाबाहेर तिच्याच काळ्या-पिवळ्या टॅक्सीनें आधार दिला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईंतील तिची टॅक्सीची सेवा संपली. तिचें मोल कोणत्या लिलांवांत ठरावें?

मग श्रीमंतांनीं जुन्या गाड्या घेऊंच नयेत काय? अवश्य घ्याव्या, नाहींतर त्या मोडींत जातील. मात्र घेणारानें स्वतःस मालक न समजतां विश्वस्त समजावें. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांचा रोंखही तसाच दिसतो. पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखिलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविली, कीं ती प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन व दुरुस्ती एवढ्यांसाठींच रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास वा भाड्यास नाहीं. अर्थात् तिचें आतां एकच काम उरतें, लोकांस शिकविण्याचें. तेंही न करितां तिला कुलुपांत ठेवणारा धनिक नव्या करारांतील त्या चाकरासारखाच होय, ज्यानें धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें. वर सांगितलेल्या गाडीच्या विक्रीचें द्रव्य कंपनीनें तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं निधी उभारण्यास लाविलें, हें उदाहरण म्हणूनच स्मरणांत ठेवण्याजोगें आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपणांपैकीं बहुतेकांच्या दारीं अशी मोटार येणार नाहीं. परंतु आजोबांची सायकल, आजीचें शिवणयंत्र, भिंतीस टांगलेला तारपा घरोघरीं असेल. तो तारपा कसा वाजवितात हें आजोबा आहेत तोंवर विचारून घ्या. पालकांनींही सवड काढून तें दाखवावें. वस्तु राहिली आणि विद्या गेली, तर उरतें तें केवळ ओझें!