द्राक्षांच्या गावाला जाऊ या!

मुलांनो, सहल म्हटली की काय आठवतं? किल्ला, देऊळ, धरण, नाहीतर समुद्र. शेत पाहायला कोणी सहल काढतं का? "शेत तर आमच्या घरामागंच आहे!" असं तुम्ही म्हणाल. पण आपल्याच महाराष्ट्रात असा एक मुलूख आहे, जिथं माणसं मुद्दाम शेत पाहायला लांबून येतात. नाशिक जिल्ह्यातला निफाड, दिंडोरी, चांदवडचा हा पट्टा. द्राक्षांचा मुलूख! चला, आज तिकडेच जाऊ या.

आमच्या बोरी अरबहून नाशिक पाचशे किलोमीटरच्या आसपास. मूर्तिजापूरला किंवा बडनेऱ्याला नाशिकरोडकडे जाणारी आगगाडी मिळते. मनमाड गेलं की मात्र झोपायचं नाही. खिडकीशी बसायचं, कारण आपली सहल तिथूनच सुरू होते.

आधी येतं लासलगाव. इथला कांद्याचा बाजार एवढा मोठा, की इथं भाव चढला किंवा पडला तर त्याची बातमी देशभर होते. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसऱ्या ट्रॉलीकडे जातो. कोणी चार कांदे हातात घेऊन पाहतो, बोली सुरू होते आणि बघता बघता भाव ठरतो. त्या वेळी व्यापाऱ्याकडे नाही, ट्रॉलीशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे पाहा. त्याच्या चार-पाच महिन्यांच्या मेहनतीचं मोल त्या मिनिटभरात ठरत असतं.

मग येतं निफाड. हिवाळ्यात "निफाडचा पारा घसरला" अशी बातमी तुम्ही वाचली असेल. इथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात या थंडीची नोंद होते. आपल्याला थंडीत गोधडी पुरते, पण द्राक्षाच्या मण्यांना गोधडी कोण घालणार? कडाक्याच्या थंडीत मणी तडकतात. म्हणून शेतकरी पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी देतात. बाग पाहायला गेलात तर कुठंतरी त्या शेकोट्यांची राख दिसेल. ती पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता बागेत शिरू या. डोक्यावर तारांचा मांडव, त्यावर चढलेल्या वेली आणि खाली लोंबणारे घड. पण हे घड आपोआप आले नाहीत बरं का! द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधली 'खरड छाटणी'. तिच्यानंतर नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या घडांची तयारी त्या काड्यांतच होते. ऑक्टोबरच्या सुमारास होते ती 'गोडी छाटणी'. तिच्यानंतर घड बाहेर पडतात आणि साधारण चार महिन्यांनी गोड होतात. मधल्या काळात विरळणी असते. दाट घडातले काही मणी काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. एकेका घडाला हात लावायचा! हजारो घडांचं हे काम करायला पेठ, सुरगाणा भागातली आदिवासी कुटुंबं हंगामात इथं येतात. बागेच्या मालकाला तर विचाराच, पण या मावशी-काकांनाही विचारा, "दिवसभर मान वर करून काम करता, दुखत नाही का?"

आणि एवढं सगळं झाल्यावर, घड पिकले असताना एका संध्याकाळी गारपीट झाली तर? वर्षाची बाग दहा मिनिटांत मातीत जाते. म्हणूनच इकडचे काही शेतकरी शेतीला जोडधंदा म्हणून पाहुण्यांसाठी घर उघडतात. मुक्काम, चुलीवरचं जेवण, बागेत फेरफटका. यालाच 'कृषी पर्यटन' म्हणतात. राज्य सरकारनं २०२० साली त्यासाठी धोरणही आणलं. पीक बुडालं तरी पाहुण्यांचे चार पैसे घरात येतात.

निफाड तालुक्यातच नांदूर मधमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ शंभरेक वर्षांपूर्वी बंधारा बांधला, तो शेतीच्या पाण्यासाठी. गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. जानेवारी २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं 'रामसर स्थळ' ठरली, म्हणजे जगानं मानलेली महत्त्वाची पाणथळ जागा. इथं सकाळी लवकर जा, भडक कपडे घालू नका आणि आवाज बंद!

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनसाठी लावलेल्या द्राक्षबागा आहेत. 'सुला'चं नाव मोठ्यांनी ऐकलं असेल. या शतकाच्या सुरुवातीपासून तिकडे पर्यटकांची गर्दी होऊ लागली. वाईन हे मोठ्यांचं पेय. महाराष्ट्रात २१ वर्षांखालच्या कुणालाही ते विकता येत नाही. पण त्यामागचं विज्ञान तुम्ही जरूर शिका. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातली साखर खातात. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बेकरीतला पाव फुगतो तोही यीस्टमुळेच! आणखी एक गंमत: काळं द्राक्ष घरी सोलून पाहा. आतला गर काळा नसतो. लाल वाईनला रंग येतो तो सालीमुळे.

पाहुण्यांनी पाळायच्या दोन गोष्टी. विचारल्याशिवाय घड तोडायचा नाही आणि न धुता द्राक्ष तोंडात टाकायचं नाही. बागेवर औषधाची फवारणी झालेली असू शकते. फवारणी चालू असेल तर त्या शेतात पाऊलही टाकू नका. ही गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं तर विसरूच नये. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना आपल्याकडे अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींचे प्राण गेले. पालकांनो, घरची फवारणी असेल तेव्हाही मुलांना लांब ठेवा.

आता परत येऊ. ज्या मूर्तिजापूरला आपण गाडी धरली, तिथपर्यंत पूर्वी यवतमाळहून दारव्ह्यावरून 'शकुंतला' धावायची. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेला तो अरुंद रेल्वेमार्ग. १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता ती धावत नाही, पण तिच्यातून प्रवास केलेले आजी-आजोबा गावोगावी आहेत. त्यांना विचारलंत का कधी?

आणि आपली पऱ्हाटी? तिचं फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. पाहिलंय? जिनिंगमध्ये एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं, उरलेली ढेप गाई-म्हशी खातात. निफाडच्या मुलानं हे कधी पाहिलंही नसेल. त्याला द्राक्षाची बाग रोजचीच, तशी आपल्याला पऱ्हाटी रोजची. म्हणून "आमच्या गावात पाहायला काही नाही" असं दोघंही म्हणत असतील!

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. समजा, निफाडचा एक मुलगा दोन दिवस तुमच्या घरी राहायला येणार आहे. त्याला कोणत्या पाच जागा दाखवाल? गावाचा नकाशा काढा आणि त्या जागांना आकडे द्या. प्रत्येक आकड्यापुढं दोन ओळी लिहा: तिथं कोण काम करतं आणि त्या माणसाला कशाची काळजी वाटते. शेवटची ओळ घरी बसून लिहिता येणार नाही. त्यासाठी शेतावर, जिनिंगवर, बाजारात जाऊन विचारावंच लागेल. नकाशा झाला की आपल्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा आणि वर्गात भिंतीवर लावा.