चाल मंदावते, पण नोंद कोण घेणार?

सत्तरी गाठलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याचा निर्णय केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये घेतला. आयुष्मान भारत योजनेचा हा विस्तार स्वागतार्हच आहे. मात्र, या योजनेचा लाभ सुरू होतो तो रुग्णालयात दाखल झाल्यानंतर. आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली, तर खर्चाची तरतूद आहे. त्या पडण्यापूर्वी काही महिने, कधी काही वर्षे, त्यांच्या चालण्यात जो फरक पडत गेला, तो वेळीच हेरण्याची व्यवस्था मात्र शहरांतील मोठ्या रुग्णालयांतही अभावानेच आढळते.

चालणे ही वरकरणी साधी वाटणारी क्रिया आहे. प्रत्यक्षात एक पाऊल टाकण्यासाठी मेंदू, मज्जारज्जू, नसा, स्नायू, सांधे, डोळे, कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा, हृदय आणि फुफ्फुसे या साऱ्यांना एकाच वेळी काम करावे लागते. साहजिकच यांपैकी कोठेही बिघाड झाला, की त्याचे प्रतिबिंब चालीत उमटते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये कंपवाताचे जे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, ते अवघ्या सहा रुग्णांवर आधारलेले होते आणि त्यांपैकी काही जण त्यांना रस्त्यात चालतानाच दिसले होते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५मध्ये खुब्याभोवतीचे स्नायू दुर्बल झाल्यास कंबर कशी एका बाजूला झुकते, हे दाखवून दिले. जुन्या पिढीतील डॉक्टर रुग्ण दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंतच बरेच काही ताडत असत, ते याच जोरावर. आता रुग्ण आत येतो तेव्हा डॉक्टरांचे डोळे बहुधा फायलीत किंवा संगणकाच्या पडद्यावर असतात. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता त्याबद्दल एकट्या डॉक्टरांना दोष देणेही योग्य ठरणार नाही.

या जुन्या निरीक्षणाला आकड्याचे बळ मिळाले ते गेल्या काही दशकांत. अमेरिकेतील वैद्यक नियतकालिक ‘जामा’ने २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात नऊ पाहण्यांमधील ६५ वर्षांवरील ३४ हजार ४८५ व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली होती. चालण्याचा वेग जितका कमी, तितके उरलेले आयुर्मान कमी, असा स्पष्ट संबंध त्यातून पुढे आला. वय, लिंग आणि चालण्याचा वेग या तीनच गोष्टींवरून बांधलेला अंदाज हा आजारांची यादी, रक्तदाब, वजन आदी तपशिलांवरून केलेल्या अंदाजाइतकाच अचूक ठरला. त्याआधी २००९मध्येच दोन अमेरिकी फिजिओथेरपी अभ्यासकांनी नाडी, श्वसन, तापमान, रक्तदाब यांच्या पंक्तीत चालण्याच्या वेगाला बसवावे, अशी मागणी केली होती.

मोजण्याची पद्धत पाहिली तर हसू यावे इतकी सोपी आहे. जमिनीवर चार मीटरचे अंतर आखायचे, रुग्णाला नेहमीच्या चालीने चालायला सांगायचे आणि घड्याळ लावायचे. हे अंतर तोडण्यास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला, म्हणजेच वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी भरला, तर अधिक तपासणीची गरज आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अर्थात, वेग मंदावला आहे एवढेच यातून कळते. का मंदावला, हे कळत नाही. गुडघेदुखी, हृदयविकार, मधुमेहाने बधिर झालेले तळवे किंवा पडण्याची निव्वळ धास्ती, यांपैकी काहीही कारण असू शकते.

चाल आणि बुद्धी यांचे नाते तर अधिकच लक्षवेधी आहे. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७मध्ये एक साधे निरीक्षण मांडले. चालताना कोणी बोलायला लागले, की जे वृद्ध थांबून मगच उत्तर देतात, त्यांचे पुढे पडण्याचे प्रमाण अधिक असते. चालणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकदम पेलण्याइतके अवधान उरलेले नाही, असा त्याचा अर्थ. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात असताना डॉ. जो वर्गीस यांनी २०१३मध्ये मंद चाल आणि विस्मरणाची तक्रार एकत्र आढळल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे दाखविले. पुढील वर्षी १७ देशांतील २६ हजार ८०२ वृद्धांच्या माहितीत ही जोडी ९.७ टक्के लोकांत आढळली. त्यात केरळमधील पाहणीचाही समावेश होता. स्मृतिभ्रंशाच्या महागड्या चाचण्या ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, अशा देशांसाठी हे निष्कर्ष विशेष मोलाचे आहेत.

मात्र, खरा प्रश्न आहे तो ‘आता वय झाले’ या तीन शब्दांचा. घरचे लोक ते बोलतात आणि पुष्कळदा रुग्णही ते मान्य करून मोकळा होतो. कोलंबियाचे डॉ. सालोमोन हाकिम आणि अमेरिकेचे डॉ. रेमंड अ‍ॅडम्स यांनी १९६५मध्ये वर्णन केलेला एक विकार याचे बोलके उदाहरण ठरावा. यात मेंदूच्या पोकळ्यांत द्रव साठत जातो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पावले आखूड पडतात, मग लघवीवरील ताबा सुटतो आणि विसरभोळेपणा वाढतो. बहुतेक वेळा सुरुवात चालीपासूनच होते. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून, त्याआधी आणि त्यानंतर रुग्णाला चालवून पाहिले जाते. चाल सुधारली, तर नळी बसवून द्रवाला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडण्याची शक्यता मोठी असते. हेच रुग्ण कंपवाताचे वा स्मृतिभ्रंशाचे समजून वर्षानुवर्षे औषधे घेत राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे अंधारात तोल जाणारे, मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबल्याने पाय ताठ झालेले रुग्णही याच वाटेने जातात. या दोन्हींत उपचाराला उशीर झाला, की झालेली हानी पूर्ण भरून येईलच, याची खात्री नसते.

तंत्रज्ञानाने या क्षेत्रात घेतलेली झेप मोठी आहे. अंगावर चमकते ठिपके लावून कॅमेऱ्यांनी आणि दाब मोजणाऱ्या पट्ट्यांनी चालीचे पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळा सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया ठरविताना उपयोगी पडतात. परंतु त्या खर्चिक आहेत. खिशातला फोन त्या मानाने स्वस्त. अ‍ॅपलच्या आयफोनमध्ये २०२०पासून चालण्याचा वेग, पावलांची लांबी आणि दोन पायांतील असमतोल यांची नोंद होते. ड्युशेन या स्नायूविकाराच्या मुलांसाठी घोट्याला बांधायच्या उपकरणाने मोजलेला पावलांचा वेग हे औषधचाचणीचे प्रमुख परिमाण म्हणून युरोपीय औषध नियामकाने २०२३मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या मनगटावरील उपकरणांच्या नोंदी तपासल्या आणि कंपवाताची चिन्हे निदानाच्या सात वर्षे आधीही त्यांत दिसू शकतात, असे सांगितले. हा निष्कर्ष मोठ्या समूहाबाबतचा आहे. एखाद्या व्यक्तीला घड्याळ पाहून ‘तुम्हाला कंपवात होणार’ असे सांगण्याइतका तो पक्का नाही, हे जाहिरातींच्या गदारोळात विसरले जाण्याची भीती आहे. शिवाय चपला, साडी आणि उखडलेले पदपथ यांच्यासह चालणाऱ्यांना परदेशी मोजपट्टी कितपत लागू पडते, हेही तपासून पाहावे लागेल. आणि चालीची नोंद ही आरोग्याचीच नोंद असल्याने, ती विमा कंपनीच्या हाती गेली तर काय, हा प्रश्न आहेच.

वास्तविक आपल्याकडे हे मोजमाप अपरिचित नाही. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली, आणि त्यांतील वृद्धांना चार मीटर चालवून वेळही मोजण्यात आला. आशा सेविकांच्या तपासणी अर्जात ‘उभे राहताना वा चालताना तोल जातो का’ असा प्रश्न आहे. पण प्रश्न विचारणे वेगळे आणि चालवून पाहणे वेगळे. संकोचापोटी ‘नाही’ म्हणणारे वृद्ध कमी नाहीत. मंद चालीचा रुग्ण सापडल्यावर त्याला कोणाकडे पाठवायचे, याचीही सोय हवी. फिजिओथेरपिस्ट आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांच्यापर्यंत वाट नसेल, तर घड्याळ लावून केवळ चिंता वाढेल.

एकदाच घेतलेल्या मापापेक्षा त्याच व्यक्तीचे मागचे आणि आताचे माप ताडून पाहणे अधिक उपयुक्त असते. सेकंदाला ०.१ मीटरचा फरक अभ्यासक दखल घेण्याजोगा मानतात. त्यासाठी मागचे माप कोठेतरी लिहिलेले हवे. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर वजनाला आणि रक्तदाबाला जागा असते. चालण्याच्या वेगाचा रकाना सहसा नसतो.